चिखलाखाली काय दडलंय?

रणगाड्यांची मॉडेल्स बनवणाऱ्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अरे, रणगाडाच तर आहे! रंग बिघडला तर वरून चिखल फास, झालं." मोटारींची मॉडेल्स करणारे बिचारे आरशासारख्या फिनिशसाठी जीव टाकतात आणि आपण वेदरिंगच्या नावाखाली वाट्टेल ते खपवतो. मला हे अजिबात पटत नाही.

साधं गणित करा. १/३५ स्केलमध्ये रंगाचा ०.१ मिमीचा उंचवटा म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन मिलिमीटर! "खरे रणगाडे पण खडबडीतच असायचे की" हा युक्तिवाद इथेच आपटतो. ओतीव पोलादाचा पोत वेगळा, तो मुद्दाम करायचा असतो. संत्र्याच्या सालीसारखा झालेला रंग म्हणजे नुसता बिघडलेला रंग.

आणि गंमत म्हणजे वेदरिंगने तो झाकला जातच नाही. वॉशचं कामच मुळी खाचाखोचांत उतरून त्या उठून दाखवणं. म्हणजे जे लपवायला गेलात, त्याचीच दवंडी पिटली.

बरं, दुरुस्ती काही रॉकेट सायन्स नाही. रंग खरखरीत झालाय? दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या, १५०० ते २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवा, मग पातळ हात मारा. डेकलखाली चंदेरी चमक दिसतेय? ती अडकलेली हवा. बारीक सुईने टोचा आणि डेकल मऊ करणारं द्रावण सोडा. पुढच्या वेळी डेकल लावण्याआधी ग्लॉस वार्निश मारा, म्हणजे हवेला जागाच उरणार नाही. वॉश वाळून डाग पडलेत? थिनरमध्ये जेमतेम ओलावलेल्या ब्रशने कडा विरवा. फक्त इनॅमल रंगावर थेट इनॅमल वॉश नको, खालचा रंगच विरघळेल. मध्ये अॅक्रिलिक वार्निशचा थर हवा.

सगळ्यात जास्त रडवतं ते मॅट वार्निश. शेवटचा हात मारला आणि सगळ्या रणगाड्यावर पांढरट धुकं! जुलैतल्या मुंबईत तर हा पाहुणा न बोलावता येतो. हवेतली आर्द्रता, बाटली नीट न हलवणं किंवा फार लांबून स्प्रे करणं, ही नेहमीची कारणं. इथे लोक घाबरून धुळीची पिगमेंट्स ओततात किंवा मॉडेलच माळ्यावर टाकतात. थांबा! खालचा रंग बहुधा शाबूत असतो. पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत झाल्याने प्रकाश विखुरतो, म्हणून तो पांढरा दिसतो. वरून ग्लॉसचा पातळ थर मारा, बहुतेक वेळा रंग परत येतो. मग कोरड्या दिवसाची वाट बघून पुन्हा मॅट. महिनाभराची मेहनत वाचते.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. चूक झाकायला फासलेला गंज खोटं बोलतो. बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयातला टायगर १३१ घ्या. फेब्रुवारी १९४३ मध्ये कासेलला तयार झाला आणि एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागला. दोन-तीन महिन्यांचं आयुष्य! ट्रॅकवर, एक्झॉस्टवर गंज ठीक आहे, धूळ तर हवीच. पण चिलखतावरून गंजाचे ओघळ कुठून येणार? रंगातले डाग लपवायला ते ओघळ काढले की त्या गाडीचा इतिहासच बदलतो. पाहणाऱ्याला वाटतं, बरीच वर्षं लढलेली दिसतेय.

म्हणून माझा नियम साधा आहे: वेदरिंगला हात लावण्याआधी मॉडेल कोऱ्या गाडीसारखं उजेडात धरायचं. तेव्हा जे खटकेल, ते आधी दुरुस्त करायचं. त्यानंतर घाला हवा तेवढा चिखल. फक्त तो कुठल्या रस्त्यावरून आला, हे सांगता आलं पाहिजे.