निधी आहे, माणसे कुठे?

घराचा उतारा मागायला ग्रामपंचायतीत गेलेल्या माणसाला शिपायाकडून बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: ‘ग्रामसेवक भाऊसाहेब पंचायत समितीत मीटिंगला गेलेत.’ दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या गावात असतात, कारण त्या गावाचाही अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडेच असतो. गावकरी चिडतात, आणि त्यांचे चिडणे रास्त आहे. पण दोन-तीन गावे एकाच माणसाच्या गळ्यात बांधली ती सरकारने. त्याचा राग मात्र त्या माणसाला सोसावा लागतो.

राज्य सरकारने २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नवे पदनाम दिले. कर्मचारी संघटनांची ही जुनी मागणी होती आणि ती मान्य झाली हे चांगलेच झाले. पदनाम बदलले म्हणून काम मात्र हलके झालेले नाही. नमुना १ ते ३३ ही दप्तरे ठेवायची. त्यांत रोकडवही आली, कर आकारणीचा नमुना ८ आला, कर मागणीचा नमुना ९ आला. जन्म-मृत्यूची नोंद, घरकुलाची यादी, रोजगार हमीचे हजेरीपत्रक, पाणीपट्टीची वसुली, ग्रामसभेचे इतिवृत्त ही कामे वेगळीच. त्यावर ऑनलाइन कामांचा थर चढला आहे. गावाचा विकास आराखडा ई-ग्रामस्वराजवर भरायचा आणि सरपंचाची व स्वतःची डिजिटल सही लागल्याशिवाय एक रुपयाही खात्यातून हलवायचा नाही. सहीची मुदत संपली की ठेकेदाराचे बिल, गावातल्या पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती, सगळेच अडकते.

आणि पैसा आता खरोखरच गावापर्यंत पोहोचतो. चौदाव्या वित्त आयोगाने मूलभूत सुविधांचे अनुदान थेट ग्रामपंचायतींना दिले. पंधराव्या आयोगाच्या निधीतील ८० टक्के वाटा महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना मिळाला. त्यातला बंधित किती, अबंधित किती, पाणी आणि स्वच्छतेवर काय खर्च करता येतो, हे सरपंचाला समजावून सांगायचे काम याच कर्मचाऱ्याचे. तेच त्याला नीट शिकवलेले नसेल, तर निधी अखर्चित पडून राहतो किंवा चुकीच्या शीर्षाखाली खर्च होऊन लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. पुढची अनेक वर्षे तो आक्षेप त्याच्या मागे लागतो, निवृत्तीच्या कागदांपर्यंत. अफरातफर करणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण न शिकवलेल्या माणसाची चूक आणि चोराची लबाडी एकाच मापाने मोजली जाते, तेव्हा प्रामाणिक माणूस निर्णय घेणेच टाळू लागतो.

प्रशिक्षण मिळत नाही असे नाही. पुण्याची यशदा आहे आणि १९२६ पासून काम करणारी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थाही आहे. अडचण अशी की नेमणूक आधी होते आणि शिकणे नंतर, तेही तुकड्यातुकड्यांत. सभागृहात शे-दीडशे माणसे, दिवसभराची सादरीकरणे, हजेरीपटावर सही, आणि प्रशिक्षण झाल्याची नोंद. किर्द प्रत्यक्ष लिहून घेणारा, आक्षेपाचे उत्तर कसे तयार करायचे ते शेजारी बसून दाखवणारा अनुभवी माणूस नव्या कर्मचाऱ्याला मिळत नाही. केरळने हे वेगळ्या पद्धतीने केले. त्रिशूरजवळची ‘किला’ ही संस्था १९९० मध्ये उभी राहिली. १९९६ च्या जनयोजना मोहिमेत अधिकार आणि निधी खाली देताना लोकप्रतिनिधी, कर्मचारी आणि स्वयंसेवक यांना हजारोंच्या संख्येने सोबतच शिकवण्यात आले. आपल्याकडे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा देश महाराष्ट्राकडे पाहत होता, हे आठवले की वाईट वाटते.

भरतीची कथा याहून क्लेशदायक आहे. जिल्हा परिषदांच्या पदांसाठी २०१९ मध्ये जाहिरात निघाली, अर्ज आणि शुल्क घेतले गेले, पुढे ती प्रक्रियाच रद्द झाली. नवी जाहिरात आली ती २०२३ मध्ये, १९,४६० पदांची. या चार वर्षांत तरुण ताटकळले आणि गावे अतिरिक्त कार्यभारावर चालली.

शहरांत तर रिकाम्या जागा भरायच्याच नाहीत अशी वाट शोधून काढलेली आहे. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर गेला की नवी भरती थांबते. नियमामागची शिस्त समजते. पण कंत्राटदाराचे बिल त्या मर्यादेत धरले जात नाही, म्हणून झाडू, कचरागाडी, मलनिस्सारण, आता संगणकही कंत्राटदाराकडे जातो. काम तेच आणि बारमाही, पण माणूस कायमचा ‘तात्पुरता’. मुंबईत कचरा उचलणाऱ्या अशा कामगारांना ‘स्वयंसेवक’ म्हटले जात होते. त्यांपैकी २,७०० जणांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये उचलून धरला. त्यानंतरही नावांतल्या आणि कागदपत्रांतल्या किरकोळ फरकांवरून अंमलबजावणी रेंगाळली. दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलत असेल, तर त्या कामगाराला सुरक्षेचे प्रशिक्षण देणार कोण? गटारात उतरणाऱ्या माणसाच्या जिवाशी या प्रश्नाची गाठ आहे.

त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनेत स्थान दिले. अधिकार आले, निधी आला, राखीव जागा आल्या. माणसे देण्याची जबाबदारी मात्र राज्यांवर राहिली आणि तिथेच महाराष्ट्र कमी पडला, असे आमचे स्पष्ट मत आहे. सरकारने लोकसंख्येनुसार आकृतिबंध नव्याने ठरवावा आणि जिल्हा परिषदांची भरती दरवर्षी ठरल्या महिन्यात घ्यावी. स्वतंत्र कार्यभार देण्यापूर्वी प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याने काही महिने अनुभवी सहकाऱ्याच्या हाताखाली काढलेच पाहिजेत. केंद्राच्या २०१२ च्या प्रशिक्षण धोरणाने मंत्रालयांना वेतनाच्या तरतुदीतील २.५ टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी राखायला सांगितले. तेवढाच वाटा जिल्हा परिषदा आणि महापालिकांच्या अंदाजपत्रकांतही दिसला पाहिजे. बारमाही कामाला कंत्राट लावण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी.

वाचकांनाही एक विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत रस्ता आणि गटाराबरोबर हेही विचारा: आपल्या गावासाठी मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि आपल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे आणखी किती गावे आहेत? उत्तर तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या.