सागरतळाची साक्ष

समुद्राच्या तळाशीं सूर्यप्रकाशावांचून प्राणी जगतात. तेव्हां गुरूच्या व शनीच्या उपग्रहांवरील बर्फाखालच्या समुद्रांतही जीव असलेच पाहिजेत, असा सिद्धान्त अलीकडे आमचे सुशिक्षित लोक मोठ्या आवेशानें सांगत असतात. यांतील "असलेच पाहिजेत" या शब्दांविषयीं आमची तक्रार आहे.

सागरतळाचा इतिहास हा घाईच्या निर्णयांचा इतिहास आहे. एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञानें एजियन समुद्रांत जाळें ओढून पाहिलें. खोलीबरोबर प्राणी विरळ होत गेलेले त्यास आढळले, आणि १८४३ सालीं त्यानें अनुमान बांधलें कीं, सुमारें ३०० फॅदम, म्हणजे साडेपांचशें मीटरांखालीं जीवसृष्टि नसावी. "चॅलेंजर" जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरींत हजारों मीटरांखालून प्राणी वर आले, व तें अनुमान कायमचें मोडीत निघालें. पुढें १९७७ सालीं गॅलापागोस बेटांजवळ सुमारें अडीच हजार मीटरांवर "आल्व्हिन" पाणबुडींतील संशोधकांस उष्णोदकाचे झरे व त्यांभोंवतीं शिंपल्यांची आणि नळीकृमींची वस्ती दिसली. विशेष हें कीं, त्या मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता!

आतां या वस्तीचें अन्न पाहा. तेथील जंतु गंधकयुक्त वायूंतील रासायनिक शक्तीवर अन्न तयार करतात. त्यास ऊन लागत नाहीं, हें खरें. परंतु या क्रियेस लागणारा प्राणवायु कोठून येतो? तो वर उन्हांत वाढणाऱ्या वनस्पतींनीं निर्माण केलेला असतो. म्हणजे सूर्यावांचून जगणारे म्हणून ज्यांचा एवढा डांगोरा पिटला जातो, ते नळीकृमि सूर्याच्याच घरचें उसनें खातात! खरे स्वावलंबी म्हणजे हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांवर जगणारे कांहीं सूक्ष्म जंतुच.

शनीच्या एन्सेलॅडस उपग्रहावरून उसळणाऱ्या फवाऱ्यांत "कॅसिनी" यानास हायड्रोजन सांपडल्याचें २०१७ सालीं जाहीर झालें, त्याचें महत्त्व यासाठींच आहे. पण शिधा सांपडला म्हणजे पंगत बसली असें होत नाहीं. एकदां निर्माण झालेला जीव कोठें कोठें तग धरतो, हा एक प्रश्न. तो मुळांत निर्माण कसा होतो, हा दुसरा. सागरतळ पहिल्याचें उत्तर देतो. दुसऱ्याविषयीं त्याची साक्ष अपुरी आहे. एका पृथ्वीवरून सर्व आकाशाचा नियम बांधणारे लोक फोर्ब्सचेच वंशज होत. त्यानें "नाहीं" म्हटलें, हे "आहे" म्हणतात, एवढाच भेद.

कोणी म्हणेल, असा संशय बाळगल्यास शोधास निघेल कोण? आमचें उत्तर असें कीं, संशयामुळेंच निघावें लागतें. उत्तर ठाऊक असतें, तर २०२४ सालीं "युरोपा क्लिपर" यान गुरूकडे धाडण्याचें कारणच काय होतें? तेंही प्रत्यक्ष जीव शोधण्यास नव्हे, तर युरोपा उपग्रहावर जीवास योग्य अशी परिस्थिति आहे काय, एवढेंच पाहण्यास निघालें आहे. यान धाडणारे जी मर्यादा पाळतात, ती दिवाणखान्यांत बसून बोलणाऱ्यांसही जड होऊं नये. घरांतील मुलांनीं विचारलें, तर "अजून कोणीं पाहिलेलें नाहीं" हेंच सांगावें. हें उत्तर त्यांस फिकें वाटणार नाहीं; आपल्यासाठीं पाहावयाचें कांहीं उरलें आहे, हें त्यांस त्यांतूनच कळेल.