महाड आधी, माँटगोमेरी नंतर

दलित साहित्याचा तास आपल्याकडे बहुधा अमेरिकेपासून सुरू होतो. १९७२च्या दलित पँथरने ब्लॅक पँथरचे नाव घेतले, हे खरेच. पण तेवढ्यावरून सारी प्रेरणाच आयात ठरवणे म्हणजे कालगणनेला हरताळ फासणे होय. माँटगोमेरीतील कृष्णवर्णीयांचा बसबहिष्कार डिसेंबर १९५५चा. (त्याआधी तिथे लढे नव्हते असे नाही, पण आपली पाठ्यपुस्तकी तुलना इथूनच सुरू होते.) कर्नाळ्याच्या पायथ्यावरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग पुढे ज्या महाडला पोहोचतो, तिथे चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजीच ओंजळीत घेतले गेले होते.

पुढचा भाग तर क्वचितच शिकवला जातो. बोले ठराव १९२३चा. तळे खुले करणारा महाड नगरपालिकेचा ठराव १९२४चा. सत्याग्रहानंतर सवर्णांनी तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ केले, नगरपालिकेने आपलाच ठराव फिरवला आणि डिसेंबर १९२७मध्ये सवर्णांनी गुदरलेला दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला मार्च १९३७ उजाडला. निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. माँटगोमेरीच्या बसचा दावा १९५६ या एकाच वर्षात सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन सुटला. कागदावर हक्क आणि तळ्यावर मज्जाव, अशी ही वर्षे ठाऊक नसतील तर दलित आत्मकथनांतला पाणवठा विद्यार्थ्याला कळणार कसा?

तुलनेला आमचा विरोध नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांनाच. पण बरोबरीच्या नात्याने, अनुयायी म्हणून नव्हे. प्रबंधाच्या संदर्भसूचीत बाल्डविन जरूर असावा. मार्गदर्शकांनी महाड खटल्याची कागदपत्रेही मागावीत.