विधवेचा तगादा

लूकच्या शुभवर्तमानातील (अध्याय १८) विधवेचा दाखला मी लहानपणापासून ऐकत आले. देवाला न भिणाऱ्या न्यायाधीशाकडे ती पुन्हा पुन्हा जाते. कंटाळून तो अखेर न्याय देतो. उपदेशात अर्थ एवढाच सांगतात : न खचता प्रार्थना करा. पण ती बाई न्याय मागत होती, हे आपण विसरतो.

१८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे कारण पुरे होते. बायकोला नुसत्या छळावरून घटस्फोट मिळत नसे. ही विषमता संसदेने २००१ मध्ये दूर केली, तीही बायकांनी वर्षानुवर्षे तगादा लावल्यावर.

मार खाणाऱ्या बहिणीला ‘सोस, प्रार्थना कर’ सांगणाऱ्यांनी हा दाखला पुन्हा वाचावा. माझ्या मते, तिच्यासोबत कोर्टाची पायरी चढणे हीही प्रार्थनाच आहे.