चपला कोणी राखायच्या?

यंदा आमच्या गावात मुलांची बाग झाली. फाटकाशी उतारही केला. फूटभर उंचीला बारा फूट, अगदी नियमाबरहुकूम! आत मात्र घोटाभर वाळू. माझ्या वर्गातला चाकांच्या खुर्चीतला मुलगा तिथेच अडला आणि साऱ्यांच्या चपला राखीत बसला. मी बोललो, तर एक सभासद म्हणतात, "गुरुजी, एका पोरासाठी का बाग उकरायची?" उकरू नका हो! झोपाळ्यापर्यंत फरसबंद वाट करा, एका झोपाळ्याला पाठ अन् पट्टा लावा, थोडी वाळू मेजाएवढ्या उंच हौदात भरा. खाली खुर्ची सरकेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळांनाही खेळाची समान संधी देणे बंधनकारक केले आहे. आमच्या शाळेत तो मुलगा खेळाच्या तासाला गुणफलक लिहितो. ते काम त्याला मीच नेमून दिले आहे.