खोक्यावरचे वॅट आणि गावातले व्होल्टेज

वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावात कुणी हौसेने उंची स्पीकर घेतले, तर अ‍ॅम्प्लिफायर बहुधा न ऐकताच, खोक्यावरचा आकडा वाचून येतो. स्पीकर १०० वॅटचा, तर अ‍ॅम्प्लिफायरही १०० वॅटचा, असा सरळ हिशेब केला जातो. तो चुकीचा आहे.

स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती सोसेल. तो किती वाजेल, हे त्याच्या संवेदनशीलतेवर ठरते. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल, यावर. ९२ डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज ८६ डेसिबलच्या स्पीकरमधून काढायला चौपट वॅट लागतात. त्यात आपले गाणे. तंबोरा आणि संथ आलाप अर्ध्या वॅटवर सुखाने ऐकता येतात; पण पखवाजाची खुली थाप २० डेसिबलने उसळली की त्या क्षणापुरते शंभरपट, म्हणजे ५० वॅट हवेत. ते नसले की ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात, त्यातून निघालेली जादा तीव्र स्वरांची ऊर्जा ट्विटरमध्ये, म्हणजे उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरमध्ये, जाते आणि तो जळू शकतो. लहान अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला सुरक्षित, ही समजूत म्हणूनच घातक आहे.

ओहमचे, म्हणजे स्पीकरच्या विद्युत अवरोधाचे, भान तर गावात आधीपासून आहे. सप्ताहाला भोंगे बांधणारा मंडपवाला अ‍ॅम्प्लिफायरमागची ४, ८, १६ ओहमची टोके पाहूनच तार जोडतो. घरातल्या स्पीकरलाही हीच दक्षता हवी. ८ ओहम लिहिलेला स्पीकर काही स्वरांवर ४ ओहमपर्यंत उतरू शकतो आणि तेव्हा दुप्पट प्रवाह मागतो. म्हणून दुकानदाराला ४ ओहमचे वॅट विचारावेत. ८ ओहमला ५० आणि ४ ओहमला ९० देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा वीजपुरवठा भक्कम असतो.

आणि शहरातल्या परीक्षणांत कधी न येणारी गोष्ट: व्होल्टेज. रब्बीत मोटारी सुरू झाल्या आणि २३० चे १८० झाले, तर साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १०० वॅटचे जेमतेम ६१ उरतात. मोठ्या गायकाची तान ऐन वर चढताना आवाज फाटतो आणि दोष स्पीकरला दिला जातो. अशा गावात गरजेच्या पावणेदोनपट ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. नाहीतर १०० ते २४० व्होल्टचा पल्ला स्पष्ट लिहिलेला, एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीच्या) पुरवठ्याचा पाहावा. त्यासाठी स्पीकर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल.

उत्पादकांनीही एवढे करावेच: भारतात विकायच्या खोक्यावर ४ ओहमचा आणि १८० व्होल्टचा आकडा छापावा. कमी व्होल्टेजवर मोजायला त्यांना फारसा खर्च नाही, आणि ग्राहकाला मात्र पूर्ण किंमत मोजावी लागते.