भूत नको, नाव सांगा

परवा ऑफिसात हॅलोविनची चर्चा चालली होती. ऑक्टोबरअखेर आमच्याकडे प्लॅस्टिकचे भोपळे लागतात, खोटी कोळ्याची जाळी लागतात. (माझ्या डेस्कखालची खरी जाळी कुणी काढत नाही, ती गोष्ट वेगळी.) यंदा टीमला ‘हॉन्टेड नाईट ट्रेक’ करायचाय. शनिवारवाडा सगळ्यांचा बघून झालेला. मग एकजण माझ्याकडे वळला. "अरे, तू मराठवाड्यातला ना? तुमच्याकडे आहे का काही हॉन्टेड?"

मी नळदुर्गचा किल्ला सुचवला. "तिथे भूत आहे का?" म्हटलं, पाणी महाल आहे, पावसाळ्यात बोरी नदी त्याच्यावरून कोसळते. "ते दिवसाचं झालं रे. रात्रीचं सांग."

आणि मी बोलून गेलो, "आमचं जुनं गावठाण आहे. तिथे म्हणे पहाटे चारला हलगी वाजते."

झालं! पाच मिनिटांत गूगल मॅप उघडला, कुणाची गाडी न्यायची तेही ठरलं. मी मात्र तेव्हापासून अस्वस्थ आहे.

माझं गाव धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या बाजूला. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले आणि ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. जग याला किल्लारीचा भूकंप म्हणतं. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण आमचा जिल्हाही (तेव्हाचा उस्मानाबाद) तितकाच कोसळला. सुमारे १० हजार माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागेवर वसवली गेली. आमचं त्यातलंच एक.

यात गूढ काही नाही. दगड मातीत रचलेल्या रुंद भिंती, वर माळवदाचं टनावारी ओझं. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर त्या पहाटे अंगावर आलं. तीव्रता ६.२ होती. जपानात एवढ्या धक्क्याला इतकी माणसं मरत नाहीत. किल्लारी भागात १९९२ मध्येच धक्के जाणवले होते. म्हणजे जमिनीने आधी सांगून पाहिलं होतं.

माझा जन्म भूकंपानंतर चार वर्षांनी, नव्या गावातला. आम्हा पोरांना जुनं गावठाण म्हणजे बाभळी, पडक्या भिंती आणि भुतं. विसर्जनाची मिरवणूक अजून संपलेली नाही, पहाटे हलगी ऐकू येते, ही आमची लाडकी गोष्ट. पाचवीत असताना मी ती आजीला रंगवून सांगितली. ती भाकरी थापत होती. हात थांबला. म्हणाली, "भूत कशाचं रं लेकरा? तिथं तुझी आत्या हाय."

मला एक आत्या होती हे मला त्या दिवशी कळलं. वय वर्षं नऊ. मिरवणुकीत नाचून येऊन झोपली होती.

आता माझं म्हणणं सांगतो. भुताच्या गोष्टींवर माझा राग नाही, मलाही त्या आवडतात. पण भुताची गोष्ट म्हणजे तारीख, वेळ आणि नाव पुसून टाकलेला लॉग. एरर आली होती एवढंच कळतं. कुठे, कशामुळे, कुणाचं काय गेलं, सगळं गायब. मग तीच एरर परत येते.

शनिवारवाड्याचंच बघा ना. "काका मला वाचवा" सगळ्यांना पाठ. पण तो पोरगा १८ वर्षांचा होता, तारीख ३० ऑगस्ट १७७३ होती, हे किती जणांना माहीत असतं? आणि धन्याला वाचवताना मेलेला चाकर चापाजी टिळेकर? तो तर कुणाच्याच गोष्टीत नसतो.

लोक म्हणतील, पर्यटनाने गावाला चार पैसे मिळतात, तुझं काय जातं? मान्य. अमेरिकेतल्या सेलम गावाकडे बघा. १६९२ मध्ये चेटकीण ठरवून तिथे १९ जणांना फासावर चढवलं, एकाला दगडांखाली चिरडून मारलं. आज हॅलोविनला तिथे लाखो लोक येतात, रात्रीच्या भूत-फेऱ्या जोरात चालतात. पण त्याच गावाने १९९२ मध्ये स्मारक बांधलं. २० दगडी बाकं, प्रत्येकावर एक नाव. धंदा करा, पण नाव लपवू नका.

आणि गंमत म्हणजे हॅलोविनचं मूळही हेच आहे. त्याच्या पाठोपाठ, २ नोव्हेंबरला ख्रिस्ती लोक मृतांसाठी प्रार्थना करतात. आपल्याकडे अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्ष लागतो, आणि श्राद्धात गेलेल्याचं नाव घ्यावंच लागतं. दोन्हीकडच्या जुन्या माणसांना कळलं होतं, मेलेल्यांना घाबरायचं नसतं, त्यांची आठवण काढायची असते. भोपळा आपण उचलला, ही गोष्ट तिथेच ठेवली.

सोमवारी टीमला सांगणार आहे. चला गावाला, पण दिवसा. जुन्या गावठाणात फिरवीन, भिंती कशा रचल्या होत्या ते दाखवीन (आपण सगळे इंजिनिअर, लगेच कळेल :-)). मग घरी नेऊन आजीसमोर बसवीन. आत्याचं नाव मी इथे लिहीत नाही, ते तिच्याच तोंडून ऐका. आवडलं नाही तर शनिवारवाडा आहेच.

आजी आता सत्तरीची आहे. हलगीची गोष्ट टिकेल, तिची काळजी नाही. आत्याचं नाव टिकवणं मात्र आता माझ्याकडे आलंय.